कुंडीची ओटी

उज्ज्वला तौरने टपालाने पाठवलेलं बी कोल्हापुरात उगवत होतं, गोंदियात उगवत होतं, अलिबागच्या एका बाईच्या न्हाणीघराच्या खिडकीतसुद्धा उगवलं होतं. उगवत नव्हतं ते जालन्याला, उज्ज्वलाच्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर, तिच्या सासूच्या कुंड्यांत.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि कावेरीबाई तौर हा अंधार रोज सकाळी जिन्यात उभ्या राहून, चार शेजारणींना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या.

“साऱ्या मुलखाला बी वाटती, अन् घरात एक कोंभ नाही. लोक इचारायलेत मला. काय सांगू त्यान्ला?”

“आत्याबाई, पाणी जास्त होत असेल,” उज्ज्वला चपला घालता घालता म्हणाली. सासूला त्या घरात आत्याबाईच म्हणायची रीत होती.

“मी लग्न होऊन आले तवापासून कुंड्या लावायले. पाणी मला शिकवू नको, माय.”

उज्ज्वला निमूटपणे जिना उतरायची.

कावेरीबाईंचं बियाण्याचं शास्त्र वेगळं होतं. बी विकत आणायचं नसतंच. बी मागून आणायचं, नाहीतर मालकाची नजर चुकवून फांदी तोडून आणायची. चोरून आणलेली फांदी जास्त जोमाने धरते अशी त्यांची पक्की समजूत होती. टपालाने आलेलं बी म्हणजे मुलगी न बघता केलेली सोयरीक. तरी सुनेने धंदा काढला तेव्हा शकुनाचं पहिलं पाकीट म्हणून घेवडा, गवार आणि वांगी त्यांनी तिच्याकडून घेतली होती. बाहेर कितीही बोलल्या, तरी सुनेच्या कामाला पहिला हात आपलाच लागावा असं त्यांना मनातून वाटलं होतं. आता ते पाकीटच त्यांच्या गळ्यात अडकलं होतं.

त्या काळात उन्हाळे असे झाले होते की पालेभाजी मंडईत यायच्या आधीच माना टाकायची. मेथी दुपारपर्यंत टिकली तर नशीब. म्हणून शहरांतल्या लोकांनी गच्च्या, गॅलऱ्या, जिन्यांचे कोपरे, जे हाती येईल तिथे भाजी लावायला सुरुवात केली होती. बियाणं, निशिगंधाचे कंद, अबोलीची रोपं, सगळं टपालाने यायचं. मोठ्या इमारतींवर तर टपालखात्याचं ड्रोन गच्चीतच पुडी टाकून जायचं. पुडीवर चकचकीत वांग्याचं चित्र असायचं आणि कुंडीत महिनाभराने एक पिवळी काडी. कारण ते बी ज्या शेतात तयार झालं होतं तिथलं ऊन, तिथलं पाणी, तिथली माती वेगळी. माणसाला परगावचं पाणी बाधतं तसं बियालाही बाधतं.

उज्ज्वलाने एका मोठ्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत हेच पाहण्यात ऐन उमेदीची वर्षं घालवली होती. बियाला आठवण असते, हे तिच्या कामाचं सार. ज्या झाडाने दुष्काळ सोसला त्याचं बी दुष्काळाला तयार होऊनच जन्माला येतं. त्याची जनुकं बदलत नाहीत. जनुकांवर रसायनांच्या बारीक खुणा पडतात. पोथीतला मजकूर तोच, पण मोरपीस कुठल्या पानात ठेवायचं हे आईझाड ठरवतं, आणि बी उघडलं की पहिल्यांदा तेच पान वाचतं. आता ही खूण आईझाडाऐवजी आपण ठेवली तर?

तिने ती ठेवून दाखवली. कपाटाएवढं एक यंत्र. गिऱ्हाइकाने आपल्या कुंडीतली चमचाभर माती पाकिटातून पाठवायची. यंत्र त्या मातीतले क्षार, चुना, त्यातले सूक्ष्मजीव वाचायचं आणि मग ओलसर गारव्यात ठेवलेल्या बियांना आठवडाभर त्या मातीचा अनुभव द्यायचं. बी पुन्हा सुकवून पुडीत बंद व्हायचं, पण तोवर त्याची खात्री पटलेली असायची की आपली आई याच मातीत वाढली. ती माती भेटली की ते धडाक्यात उठायचं. बीजसंस्कार हा शब्द शेतकऱ्यांचा जुनाच. उज्ज्वलाने तो फक्त खरा केला होता. यंत्राला पुड्या भरणाऱ्या बायकांनी ‘सुईण’ असं नाव ठेवलं होतं, आणि औद्योगिक वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या त्या कारखान्याचं नाव होतं ‘अंगणवेल’.

यात एकच मेख होती. माती ओळखीची लागली नाही तर बी मरायचं नाही. ते झोपून राहायचं. वाट बघायचं.

खरं सांगायचं तर झोपलेल्या कुंड्या एकट्या कावेरीबाईंच्या नव्हत्या. सुरुवातीच्या कौतुकाचा भर ओसरला आणि तक्रारी यायला लागल्या. जिथे उगवायचं तिथे असं उगवायचं की लोक शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. जिथे नाही तिथे एक पानही नाही. मधलं काहीच नाही.

“तीन गिऱ्हाइकांतलं एक रिकामी कुंडी बघत बसलंय, ताई,” पारस मुथा पडद्यावर म्हणाला. तो संभाजीनगरचा. यंत्र त्याच्या भांडवलावर उभं होतं. माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता. “दोघं खूश होऊन गप्प बसतात आणि तिसरा गावभर बोलत फिरतो. आमची आईसुद्धा त्या तिसऱ्यातच आहे. बीडहून रोज फोन करून विचारते, पारस, तू कशात पैसे घातलेस?”

“बी चुकीचं नाही, पारसभाऊ.”

“असेल. पण एका अत्तरवाल्या कंपनीला फुलांच्या बियांसाठी हे यंत्र हवंय. दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर यंत्र तिकडे जाईल.”

पडदा काळा झाला. यंत्र गेलं की अंगणवेल गेली, हे त्याने बोलून दाखवलं नाही एवढंच. नोकरी सोडताना सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. नवरा, प्रल्हाद, तेवढा म्हणाला होता, कर. आता त्याच्या आईच्या कुंड्याच साक्षीला उभ्या होत्या आणि त्या रिकाम्या होत्या. उज्ज्वलाला पहिल्यांदाच भीती वाटली.

तिने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या मातीतच तिने त्यांचं बी कारखान्यात लावलं. तिसऱ्या दिवशी हिरवंगार. टपालात पाकिटं तापत असतील म्हणून तापवून पाहिली. काही फरक नाही. मग तक्रारवाल्यांकडून पुन्हा माती मागवली. पुन्हा आली ती हुबेहूब पहिल्यासारखीच. बी बरोबर, माती बरोबर, यंत्र बरोबर, आणि कुंडी रिकामी. आणि गंमत अशी की न उगवणाऱ्यांची माती उगवणाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगली होती. मऊ, गाळलेली, एक खडा नाही, एक काडी नाही. अशी माती बघून तिला बरंच वाटायचं. इतक्या देखण्या मातीत बी झोपतं कसं?

घरच्या कुंडीतली माती स्वतः उकरून पाहावी असं तिला सुचलं नाही असं नाही. पण कावेरीबाईंच्या कुंडीत बोट घालायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. शेवटी तिने दुसऱ्याच्या घरी जायचं ठरवलं.

लातूरच्या सुमित्रा उंबरगे या तक्रार करणाऱ्यांतल्या सगळ्यात तिखट. ‘तुमचं बी आमच्या मालकासारखं आहे, हलवल्याशिवाय उठत नाही,’ असा निरोप त्यांनी पाठवला होता. उज्ज्वलाने आधी फोन करून वेळ घेतली आणि भल्या सकाळी गाडी काढली.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा घर सणासारखं होतं. सोफ्याला घडी मोडलेले नवे अभ्रे, दारात रांगोळी, कपाटातून काढलेले सोनेरी काठाचे कप. चुरमुऱ्यांचा गरम सुशीला वाफाळत समोर आला.

“खावा की. एवढ्या लांबून आलाव,” सुमित्राबाई म्हणाल्या. फोनवरचा तिखटपणा घरी पाहुणा आल्याबरोबर कुठल्या कुठे गेला होता.

सुशीला संपल्यावर त्या तिला गॅलरीत घेऊन गेल्या. कुंड्या गेरूने रंगवलेल्या, ओळीने मांडलेल्या. माती तांबूस, रवाळ, गाळलेली. उज्ज्वलाने सवयीने एका कुंडीत बोट खुपसलं. बोटाचं पहिलं पेर तांबड्या मातीत गेलं आणि पुढे काहीतरी कडक लागलं. तिने उकरलं. खाली राखाडी गारा होता. सिमेंटचे खडे, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, एक बाटलीचं झाकण.

“वहिनी, ही वरची माती कधी घातली?”

“काल संध्याकाळी,” सुमित्राबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. “म्हंजी, तुमी येणार म्हणलाव, मग तसंच कसं ठिवायचं? पाव्हणे येणार म्हणलं की चादर बदलतोच की आपण.”

उज्ज्वलाने बोटाची माती झटकली.

“आणि आम्हाला पाठवली होती ती?”

सुमित्राबाईंनी भरलेल्या कपात आणखी चहा ओतला. तो बशीत सांडला.

“ही असली माती पाठवू का हो मशिनीला? तिथं शिकलेली माणसं बघणार. वर आमचं नाव. उंबरग्यांच्या घरात टरफलं निघाली म्हणतील. देवळामागं बाग हाय, गुरवाला इचारून तिथली आणली. चाळली. दोन्ही बारीला तिथलीच.” मग हळूच म्हणाल्या, “लई चांगली हाय ती माती.”

“फारच चांगली आहे,” उज्ज्वला म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. तिला त्या बाईला मिठी मारावीशी वाटत होती. सुमित्राबाई आधी ओशाळल्या, मग त्याही हसायला लागल्या, कशाला ते नीट न कळता.

परतीच्या रस्त्यावर सगळा हिशेब तिच्या डोक्यात उलगडत गेला. चमचाभर माती मागवताना तिने सगळ्याचा विचार केला होता, एका गोष्टीचा सोडून: आपली बाई कुणालाही घरातलं वाईट काढून दाखवत नाही. पाहुण्याला फुटका कप देत नाही, तर परक्या गावच्या यंत्राला फुटकी माती कशी देईल? कुणी देवळाची दिली असेल, कुणी शेजारच्या बंगल्यातली, कुणी तुळशीतली. आणि त्या चौथ्या-पाचव्या मजल्यांवर, गाऱ्याच्या कुंड्यांत, तिचं इमानी बी त्या दुसऱ्याच मातीची वाट बघत पडलं होतं. मेलेलं नव्हतं. एकही मेलेलं नव्हतं!

जालन्याला पोहोचल्यावर ती घरी न जाता आधी कारखान्यात गेली आणि शकुनाच्या त्या पहिल्या पाकिटाची माती यंत्राने काय वाचली होती ते काढून पाहिलं. पोयटा. नदीने आणून टाकलेला बारीक, अभ्रकाचे कण असलेला पोयटा. जालन्याच्या गच्चीवर नदी कुठून येणार? कावेरीबाईंचं माहेर मात्र गोदाकाठचं, बोरगव्हाणचं.

आता सरळ विचारलं असतं तर कावेरीबाईंनी जन्मात कबूल केलं नसतं, आणि सून आपल्याला खोटं पाडायला निघाली म्हणून महिनाभर अबोला धरला असता. उज्ज्वला एवढ्या वर्षांत तेवढं शिकली होती.

“आत्याबाई,” ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “मला एका प्रयोगाला नदीकाठची माती पाहिजे होती. कुठं मिळेल का हो?”

कावेरीबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीत थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, सुनेने निर्मळ चेहऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात धुतले, देवघरात गेल्या आणि फडताळाच्या मागून एक स्टीलचा डबा घेऊन आल्या.

“बोरगव्हाणची हाय. भाच्यानं आणली होती. अशीच ठिवली होती,” त्या म्हणाल्या. “किती लागती?”

“मूठभर.”

“कुठं टाकणार?”

“तुमच्या घेवड्याच्या कुंडीत. टाकू?”

कावेरीबाईंनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. तवा तापत होता. शेवटी त्यांनी डबा सुनेच्या हातात दिला आणि पुन्हा भाकरीकडे वळल्या. त्या कुंडीला दुसऱ्याचा हात लागायची ती पहिलीच वेळ.

चौथ्या दिवशी पहाटे गच्चीवरून कावेरीबाईंची हाक आली ती अख्ख्या गल्लीला ऐकू गेली असणार. उज्ज्वला अनवाणीच वर धावली. घेवड्याने माती फोडली होती. वाकलेले, पांढुरके, जाड मानेचे कोंभ.

पण उज्ज्वलाची धाकधूक संपली नव्हती. मूठभर ओळखीच्या मातीने बी उठलं खरं, पण त्याची मुळं त्या मुठीच्या बाहेर, गच्चीवरच्या मातीत जातील तेव्हा काय? पहिल्या आठवड्यात पानं पिवळटली. तिने रोज एक पान यंत्राखाली धरलं; मातीसारख्याच जनुकांवरच्या खुणाही ते वाचायचं. आणि तिच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडली जी तिने कधी कल्पिलीच नव्हती. जुन्या पानांत गोदाकाठच्या खुणा होत्या. नव्या पानांत त्या पुसट होत होत्या आणि त्यांच्या शेजारी गच्चीच्या नव्या खुणा उमटत होत्या. रोप दुसरी माती शिकत होतं. दुसऱ्या आठवड्यात वेल हिरवाकच्च झाला आणि काठीवर चढला.

“उठलं माहेरच्या मातीनं,” कावेरीबाई वेलाला सुतळी बांधत म्हणाल्या, “पर वाढायलंय सासरच्या चहाच्या चोथ्यावर.” स्वतःच्याच बोलण्यावर त्या खूश झाल्या आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवत राहिल्या.

पारस मुथाला हे कळलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. “म्हणजे चूक आपली नाहीच! उद्याच जाहीर करू. ग्राहकांनी चुकीची माती पाठवली. पुरावा आहे आपल्याकडे. यंत्र निर्दोष!”

“नाही करायचं,” उज्ज्वला म्हणाली.

“काय?”

“पारसभाऊ, ज्या बाईने देवळाची माती चाळून पाठवली तिला तुम्ही चारचौघांत खोटं पाडणार. ती पुन्हा आपलं बी घेईल? आपण खरे ठरू आणि आपल्याकडे कुणी फिरकणार नाही. आणि मला ते आवडणारही नाही. तिने लबाडी नाही केली. तिने आपल्याला चांगलं ते दिलं.”

“मग त्यांना सांगणार काय?”

ते तिने लातूरहून परततानाच ठरवलं होतं. पाहुणी निघाली की आपल्याकडे तिची ओटी भरतात. बी तर आपल्या घरी राहायलाच आलंय. दुसऱ्या दिवशी अंगणवेलच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला निरोप गेला:

‘आमच्या बियाण्याला उठवण्यात आमचं यंत्र थोडं कमी पडलं, त्याबद्दल माफी असावी. आता कुंडीची ओटी भरायची आहे. तुम्हाला जी माती सगळ्यांत चांगली वाटते, मग ती देवळातली असो, माहेरची असो की शेजारच्या बागेतली, ती मूठभर आणा. कुंडीत घाला, वर ओंजळभर पाणी घाला. कुठली माती, ते आम्हाला कळवायची गरज नाही.’

“हे काय शास्त्र झालं?” मुथाने कपाळाला हात लावला. “वर आपणच माफी मागतोय! दसरा तोंडावर आलाय, ताई.”

“पितृपक्ष संपला की उत्तर येईल,” उज्ज्वला म्हणाली. आवाज ठाम होता. आता माघार नव्हती.

आठवडाभर कुणाचाही शब्द आला नाही. उज्ज्वला कारखान्यात रिकाम्या पाकिटांवर उगाच पत्ते चिकटवत बसायची. मग घटस्थापनेच्या दिवशी लातूरहून आवाज आला.

“बाई गं! सगळ्या कुंड्या उठल्या! मालकाला हाका मारमारून थकले, ते अजून झोपलेत, पर वांगी उठली!” मागून सुमित्राबाईंच्या मालकांचा खोकला ऐकू येत होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. नवरात्रभर फोटो येत राहिले. नाशिकची गवार, अकोल्याची भेंडी, ठाण्याच्या बाराव्या मजल्यावरचा दोडका. बहिणींना भाऊ एसटीच्या कंडक्टरकडे मातीच्या पुरचुंड्या देऊन पाठवत होते. गावी गेलेले लोक लोणच्याच्या बरणीशेजारी माती बांधून आणत होते. नागपूरच्या एका बाईचं माहेर धरणात गेलेलं. तिने धरणाच्या काठावरची मूठभर माती आणली आणि तिचा निशिगंध उठला. तिने फोटोखाली काहीच लिहिलं नव्हतं. उज्ज्वला तो फोटो बघून रडली, पुड्या भरणाऱ्या बायकांदेखत, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

कुणी कुठली माती पाठवली होती ते ज्याचं त्यालाच माहीत. कुणीही कबूल केलं नाही, आणि एकही कुंडी रिकामी राहिली नाही.

दसऱ्याला पारस मुथा स्वतः जालन्याला आला, हातात आपट्याची पानं घेऊन. कावेरीबाईंच्या गच्चीवर बसून त्याने घेवड्याच्या शेंगा बघितल्या.

“आईचा फोन होता,” तो म्हणाला. “मंदिराच्या बगिच्यातली माती. मला म्हणते, उज्ज्वलाबेनला सांगू नकोस, आणि तू पैसे चांगल्या ठिकाणी घातलेस.”

“मी काही ऐकलंच नाही,” उज्ज्वला म्हणाली.

“अत्तरवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. यंत्र इथेच राहील. दुसरं एक मागवावं लागेल, एवढ्या मागण्या आल्यात.” त्याने तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. “सोनं घ्या, ताई.”

खरं सोनं मात्र पौषात हाती आलं. घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळल्या, आणि उज्ज्वलाने त्यांतलं बी सुईणीखाली धरलं. त्यात दोन्ही मातींच्या खुणा होत्या, शेजारी शेजारी. तिने ते नदीच्या पोयट्यात लावलं, उगवलं. गच्चीच्या मातीत लावलं, उगवलं. मग मुद्दाम सुमित्राबाईंकडचा गारा मागवला, तिसराच, टरफलांसकट. तिथेही ते उगवलं. एका मातीचं बी त्याच मातीला धरून बसायचं. दोन प्रकारची माती पाहिलेल्या बियाला तिसरीची भीती राहिली नव्हती. ज्या बियाला पत्ता लागायचा ते आता कुणालाही देता येणार होतं, मागता येणार होतं. यंत्राला जे कधी जमलं नसतं ते एका मुठीने केलं होतं, आणि या शोधावर पुढे उज्ज्वला तौर हे नाव लागलं. परदेशांतून पत्रं आली. तिने सगळ्यांना ‘कुंडीची ओटी’ हेच शब्द जसेच्या तसे कळवले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कावेरीबाईंनी गल्लीतल्या प्रत्येकीला वाण म्हणून घेवड्याचं बी दिलं, लाल कागदाच्या पुडीत.

“टपालाचं हाय का हो हे?” एका शेजारणीने खोडी काढली.

“माझ्या सुनेचं हाय,” कावेरीबाई म्हणाल्या. जिन्यातल्याच आवाजात म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाईल असं.

बायका गेल्यावर त्यांनी उज्ज्वलाला गच्चीवर बोलावलं. कठड्याशी, सकाळचं ऊन पहिल्यांदा येतं त्या जागेवर, एक नवी कुंडी ठेवली होती. रिकामी. त्या जागेवर आजवर त्यांनी कुणाला पाय ठेवू दिला नव्हता.

“ही तुझी,” त्या म्हणाल्या. “तुझ्या माहेरची माती आण हिच्यात.”

उज्ज्वलाचं माहेर म्हणजे नांदेडला तिसऱ्या मजल्यावरचं सरकारी क्वार्टर. तिथे ना शेत, ना नदी. आईच्या गॅलरीत एक फुटकी बादली होती. तिच्यात विटांचा चुरा, भाज्यांची देठं आणि त्यात कशीबशी तग धरून राहिलेली सदाफुली. ती बादली आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर येईल या कल्पनेनेच तिला कसंतरी झालं.

“आत्याबाई, आणते की,” ती चाचरत म्हणाली. “मामाचं शेत आहे कंधारला. काळीभोर माती आहे. तिथलीच...”

बोलता बोलता ती थांबली. कावेरीबाई तिच्याकडे बघत होत्या. डोळ्यांत हसू होतं, आणि ते हसू लपवायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

“मामाची नको,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आईच्या घरात हाय ती आण. जशी हाय तशी. चाळू नको.”